मांत्रिकाची सनद, योद्ध्याची दरखास्त

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यान असलेल्या आमच्या खांडबाऱ्यास, शिक्षणासाठी सुरतेस, नाशकास व पुण्यास गेलेली मुले सुट्टीत परततात तेव्हा, त्यांपैकी माझ्या परिचयाच्या काहींच्या सामानातून एक असा खेळ गावात आला आहे की ज्यास पट लागतोच असे नाही, ज्यात शेवटी कोण जिंकले हे सांगता येत नाही, आणि तरीही ज्याच्या एकेका कलमावरून ताटातले अन्न निवेपर्यंत हुज्जत चालते. त्या हुज्जतीचा विषय बहुधा एकच असतो. तलवार चालवणारे पात्र ज्याने घेतले आहे तो तक्रार करतो की, मंत्र म्हणणाऱ्या पात्रापुढे आपल्याला काही कामच उरत नाही. आणि मंत्र म्हणणारा उत्तर देतो की, पहिल्या काही महिन्यांत मी तुझ्या ढालीमागे लपून दिवस काढले, त्याची आता वसुली करतो आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे. या एका तक्रारीचा निवाडा करण्यात खेळ रचणाऱ्यांची पन्नास वर्षे गेली आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मंडळींपैकी एक जण सूत्रधार होतो व इतर प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. त्या पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी इत्यादी गुण अंकांच्या रूपाने कागदावर मांडलेले असतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि कृतीचा परिणाम संशयास्पद असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकून, आलेल्या अंकात पात्राच्या कौशल्याचा अंक मिळवून, बेरीज सूत्रधाराने ठरवलेल्या अंकास पोहोचली तर कृती साधली, नाहीतर फसली, असे मानतात. चार, सहा, आठ, दहा व बारा बाजूंचे फासे इजा मोजण्यास वापरतात. अनुभव वाढेल तशी पात्राची पातळी चढत जाते. या जातीचा पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून, गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नावावर, 1974 च्या जानेवारीत, तीन चोपड्या एका खोक्यात घालून तो प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या.

आता तक्रारीकडे वळू. तिचे मूळ मांत्रिकाच्या मंत्राने किती शत्रू मरतात यात आहे, अशी सर्वसामान्य समजूत आहे. माझ्या मते ते तेथे नाही. एक साधा प्रसंग घ्यावा. वीस हात उंचीची दगडी भिंत आहे आणि तिच्या पलीकडे जावयाचे आहे. योद्धा म्हणतो, मी चढतो. सूत्रधार विचारतो, अंगावर चिलखत आहे काय, हातात दोर आहे काय. मग सांगतो की दगड पावसाने निसरडे झाले आहेत, तेव्हा पंधराऐवजी अठरा अंक लागतील. मग फासा पडतो, आणि तो हलका पडला तर हा महावीर मधूनच खाली कोसळतो. पाचव्या पातळीचा मांत्रिक म्हणतो, मी उडतो. येथे कोणी काही विचारीत नाही, फासा पडत नाही, दगड ओला असो वा कोरडा असो. कारण मंत्राच्या वर्णनातच लिहून ठेवलेले आहे की ज्यास स्पर्श केला तो दहा मिनिटांपर्यंत उडू शकेल आणि एका फेरीत साठ फूट जाऊ शकेल. योद्ध्याच्या हाती दरखास्त आहे. ती सूत्रधाराच्या हुजुरास रुजू व्हावयाची, तिच्यावर त्याने शेरा मारावयाचा आणि अखेरचा हुकूम फाशाने द्यावयाचा. मांत्रिकाच्या हाती सनद आहे. तिच्यात जे कलमबंद केले आहे ते कोणाची मेहेरबानी न लागता अमलात येते. दोघांच्या सामर्थ्यात अंतर असते तर ते अंक कमीजास्त करून मिटवता आले असते. येथे अंतर अधिकाराच्या जातीत आहे, आणि म्हणूनच योद्ध्याच्या तलवारीस दोन अंक अधिक बहाल केले तरी त्याचे समाधान होत नाही.

हे अंतर पडले कसे, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. 1974 च्या खेळापूर्वी, 1971 साली, गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाची एक नियमपुस्तिका काढली होती. ती शिशाच्या लहान सैनिकांनी मध्ययुगीन लढाया खेळण्यासाठी होती आणि तिच्या शेवटी अद्भुतरम्य लढायांसाठी एक पुरवणी जोडलेली होती. त्या पुरवणीतल्या मांत्रिकाचा अग्निगोल हा दगडफेकी यंत्राच्या माऱ्याच्या मापाने आणि त्याची वीज ही तोफेच्या माऱ्याच्या मापाने मोजलेली होती. म्हणजे मांत्रिक हा मुळात तोफखाना होता. तोफ पायदळापेक्षा शतपट संहारक असते याबद्दल कोणाही सेनापतीने तक्रार केल्याचे ऐकिवात नाही, कारण तोफही त्याचीच आणि पायदळही त्याचेच. उलट तोफेस जपण्यासाठीच तो पायदळ पुढे उभे करतो. परंतु 1974 च्या खेळात प्रत्येक खेळाडूकडे सबंध फौज न राहता एकच मनुष्य राहिला, आणि त्याबरोबर एकाच्या वाट्याला तोफ आली व दुसऱ्याच्या वाट्याला भालाईत आला. मालकी वाटली गेली की मत्सर आलाच. पानिपतच्या मोहिमेत इब्राहिमखान गारद्याच्या तोफा व बंदुका आणि जुन्या सरदारांचे घोडदळ यांच्यात लढाईच्या पद्धतीवरून जे वितुष्ट होते, त्याच्याही मुळाशी हेच होते की ती सर्व एका हाताची हत्यारे नव्हती.

आरंभीच्या रचनाकारांना ही विषमता दिसत नव्हती असे मात्र नव्हे. त्यांनी मंत्राचे बळ कमी केले नाही, त्याची किंमत वाढवली. जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या 1950 सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातील जादूगार मोजकेच मंत्र डोक्यात साठवू शकतात आणि उच्चारताक्षणी तो मंत्र स्मृतीतून पुसला जातो. ती कल्पना गायगॅक्सने जशीच्या तशी उचलली. पहिल्या पातळीच्या मांत्रिकास दिवसास एकच मंत्र मिळे. त्याने निद्रेचा मंत्र म्हटला की समोरची टोळी जागच्या जागी घोरू लागे, आणि त्यानंतर उजाडेपर्यंत या महापुरुषाचे काम मशाल धरण्याचे. त्यास चिलखत वर्ज्य, हातात फार तर खंजीर किंवा काठी. 1978 च्या सुधारलेल्या नियमपुस्तकात योद्ध्याच्या जिवाचे माप पातळीगणिक दहा बाजूंच्या फाशाने आणि मांत्रिकाचे चार बाजूंच्या फाशाने ठरे. शिवाय मंत्र पूर्ण होण्यापूर्वी त्याच्या अंगावर एखादा घाव बसला तर तो मंत्र वाया जाई.

अनुभवाचा जमाखर्चही वेगवेगळा ठेवलेला होता. दुसऱ्या पातळीस चढण्यास योद्ध्याला 2001 गुण पुरत, मांत्रिकाला 2501 लागत. कागदावर हे रास्त दिसते. पण कोष्टक खालपर्यंत वाचले की कारकुनी गफलत उघडी पडते. आठव्या पातळीस मांत्रिक 90,001 गुणांवर पोहोचतो आणि योद्धा 1,25,001 गुणांवर. योद्धा 2,50,001 गुण जमवून नववी पातळी गाठतो तेव्हा तितक्याच गुणांवर मांत्रिक दहावीत बसलेला असतो. म्हणजे ज्या काळात मांत्रिक दुर्बळ असे त्या काळात त्याच्यावर जकात होती, आणि तो बलाढ्य झाला तेव्हा ती माफ झाली. असे का केले असावे हे मला उलगडलेले नाही.

मंत्राला किंमत असली पाहिजे, हे आपल्या जुन्या कथाकारांना मात्र कोणी शिकवावे लागले नव्हते. रामायणाच्या बालकांडातील विश्वामित्राची कथा म्हणजे या तक्रारीचीच आद्य नोंद होय. राजा विश्वामित्र सेनेनिशी वसिष्ठाची धेनू हिरावून नेऊ पाहतो. धेनूपासून उत्पन्न झालेली सैन्ये त्याच्या सैन्याचा निःपात करतात, त्याचे शंभर पुत्र ऋषीच्या एका हुंकाराने भस्म होतात, आणि शंकरापासून मिळवलेली सर्व अस्त्रे, ब्रह्मास्त्रसुद्धा, वसिष्ठाचा ब्रह्मदंड गिळून टाकतो. तेव्हा क्षात्रबळाचा धिक्कार करून तो तपाला बसतो. खेळाच्या परिभाषेत सांगायचे तर योद्ध्याचे पात्र सोडून मांत्रिकाचे पात्र घेतो. पण येथून पुढे वाल्मीकीचा हिशेब कडक आहे. त्रिशंकूसाठी नवे नक्षत्रमंडळ निर्माण केले, मेनकेच्या सहवासात दहा वर्षे घालवली, रंभेवर कोपून शाप दिला, की प्रत्येक वेळी संचित तप खर्ची पडते आणि पुन्हा आरंभापासून बसावे लागते. इंद्रजिताचे उदाहरण त्याहून नेमके आहे: निकुंभिलेतील होम पूर्ण झाला असता तर तो अजिंक्य होता, आणि म्हणूनच बिभीषण लक्ष्मणाला होम चालू असतानाच तेथे नेतो. मंत्र पुरा होण्याआधी घाव घालणे, हा 1978 चा नियम येथे शब्दशः पाळला गेला आहे.

महाभारतात तर व्यासांनी एकेका अस्त्राला वेगळे कलम लावले आहे. इंद्राने कवचकुंडलांच्या मोबदल्यात कर्णास दिलेली शक्ती एकदाच वापरता येणारी. ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली असता चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचावर खर्च होते, आणि पांडव शोक करीत असता कृष्णाला आनंद होतो, कारण प्रतिपक्षाची सनद आता रद्द झाली. परशुरामाचा शाप असा की, ब्रह्मास्त्र ऐन मरणाच्या वेळी आठवणार नाही. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येते, परत घेता येत नाही. या सर्व अटी काढून टाकल्या तर अठरा दिवसांचे युद्ध पहिल्या दिवशी माध्यान्हीपूर्वी संपले असते.

याच्या उलट टोकास आपले नवनाथ. आमच्या जिल्ह्यात सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळ आहे. तेथे गोरखनाथाचे मंदिर आहे, महाशिवरात्रीस यात्रा भरते, आणि त्या परिसरात नाथांच्या चमत्कारांच्या कथा घरोघर ऐकायला मिळतात. मालुकवीचा ‘नवनाथ भक्तिसार’ ज्यांनी चाळला असेल त्यांना माहीत आहे की तेथे राजे आणि त्यांची सैन्ये नाथांपुढे केवळ पराभूत होण्यासाठीच येतात. चिमूटभर भस्म फेकले की वाताकर्षण अस्त्राने अवघ्या फौजेचा श्वास कोंडतो. नाथाला अडवू शकतो तो दुसरा नाथ, एखादे दैवत किंवा त्याचा स्वतःचा मोह. स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्राला सोडवण्यास गोरखच लागतो. भक्तिग्रंथ म्हणून हे यथायोग्य आहे, त्यात राजाच्या शिपायाची बाजू घेणारा श्रोता कोणी नसतो. खेळात मात्र तो शिपाई म्हणजे शेजारी बसलेला आपला मावसभाऊ असतो, आणि त्यालाही दर फेरीस काहीतरी करावयाचे असते.

येथे थोडे विषयांतर करतो. याच सातपुड्यातील अक्कलकुवा-धडगावच्या बाजूस एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ केल्याच्या घटना घडत आल्या आहेत. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशाच प्रकारांस पायबंद घालण्यासाठी. अशा मुलखात मुलांनी मांत्रिकाची सोंगे घ्यावी हे काही वडीलधाऱ्यांना रुचत नाही, आणि त्यांची शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तथापि, खेळ जवळून पाहिल्यावर माझे मत निराळे झाले. डाकिणीविषयीची भीती पोसली जाते ती तिच्या कथित सामर्थ्याला सीमा नसते म्हणून: ताप आला तरी ती, गुरू दगावले तरी ती, पीक करपले तरी ती. खेळात मंत्राला पल्ला आहे, मुदत आहे, दिवसाची शिल्लक आहे, आणि तो फसलाच तर फसला असे सर्वांदेखत कबूल करावे लागते. ज्याला वर्षभर या कोष्टकांत मंत्र मोजण्याची सवय लागली त्याला गावातल्या भगताच्या भाकितांचा ताळा पाहण्याची बुद्धी होण्याचा संभव अधिक.

खेळाचा पुढील इतिहास असा की, मंत्राची किंमत हळूहळू कमी होत गेली. तिचा जाच मांत्रिकाच्या खेळाडूला होत असे, आणि गिऱ्हाइकाचा जाच दूर करणे हा कोणत्याही प्रकाशकाचा सहजधर्म आहे. 1997 मध्ये हा खेळ काढणारी मूळ कंपनी ‘विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या संस्थेने विकत घेतली, आणि 2000 साली तिसरी आवृत्ती निघाली. तीत अनुभवाचे कोष्टक सर्वांना एकच झाले, शत्रूसमोर मंत्र म्हणणे पुष्कळ निर्धोक झाले, आणि सर्वांत घातक म्हणजे मंत्र भरलेल्या कांड्या विकत मिळू लागल्या: पहिल्या श्रेणीच्या मंत्राचे पन्नास प्रयोग असलेली कांडी 750 सुवर्णमुद्रांस. दिवसाला अमुकच मंत्र, ही मेख अशा रीतीने पैशाने उपटली गेली. योद्ध्यास वीस पातळ्यांत अकरा अधिक डावपेच मिळाले. मांत्रिकास सतराव्या पातळीपासून सृष्टीचे नियम बदलणारे नवव्या श्रेणीचे मंत्र मिळाले. योद्धा बेरजेने वाढतो आणि मांत्रिक वर्गाने, अशी म्हण खेळाडूंत रूढ झाली ती याच स्थितीला उद्देशून. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने लंबक दुसऱ्या टोकास नेला. प्रत्येक पात्रास, मग ते तलवारीचे असो वा मंत्राचे, हवे तेव्हा वापरण्याची, दर लढाईस एकदा वापरण्याची आणि दिवसास एकदा वापरण्याची अशी तीन प्रतींची कलमे एकाच नमुन्यावर बहाल झाली. समता आली खरी, पण तलवार आणि मंत्र यांची चवच एक झाली अशी ओरड उठली. मला ती ओरड काहीशी अन्यायाची वाटते. योद्ध्याच्या हाती प्रथमच सनद आली होती, आणि ज्यांच्याकडे पूर्वापार सनदा होत्या त्यांचा स्वर त्या ओरडीत मोठा होता.

2014 च्या पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग शोधला, आणि आमच्याकडील मुले बहुधा तीच खेळतात. तीत एक चांगली अट अशी आहे की, दीर्घकाळ टिकणाऱ्या मंत्रांवर चित्त एकाग्र ठेवावे लागते, एका वेळी असा एकच मंत्र चालवता येतो, आणि घाव बसला की एकाग्रता टिकली की नाही यासाठी फासा टाकावा लागतो. इंद्रजिताचा होम अर्धामुर्धा परत आला. कुलूप उघडण्याचा मंत्रही आहे, पण त्याचा आवाज तीनशे फुटांपर्यंत ऐकू जातो, त्यामुळे चोराच्या पात्राची भाकरी शाबूत राहिली. असे बारीक शहाणपण मला फार आवडते. परंतु या आवृत्तीचा खरा समतोल एका अशा गोष्टीवर उभा आहे की जिच्याकडे खेळणारे सहसा लक्ष देत नाहीत, आणि ती म्हणजे दिवस.

हिशेब मांडूनच पाहावा. पाचव्या पातळीच्या मांत्रिकास, विश्रांतीत परत मिळवलेला मंत्र न धरता, अग्निगोल दिवसातून दोनदा टाकता येतो. सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी 28; निम्मे शत्रू अंग चोरून निम्म्या इजेवर निभावतात असे धरले तर दरडोई 21, आणि माऱ्यात पाच शत्रू सापडले तर 105; दोन गोलांचे 210. त्याच पातळीचा योद्धा दर फेरीस दोन वार करतो. मोठ्या तलवारीचे सरासरी 7 व बाहुबळाचे 4 मिळून 11, शंभरात पासष्ट वार लागतात असे धरले तर फेरीस सुमारे 14. दिवसात एकच लढाई झाली आणि ती चार फेऱ्यांत संपली, तर योद्ध्याच्या खाती, एक जादा पाळी मिळाली तरी, 71 किंवा 72 आणि मांत्रिकाच्या खाती पहिल्या दोन फेऱ्यांतच 210. पण नियमपुस्तकाची अपेक्षा अशी आहे की, एका दिवसात सहा ते आठ चकमकी व्हाव्या आणि मध्ये दोनदा थोडी विश्रांती मिळावी. सहाच धरल्या तरी चोवीस फेऱ्या होतात. योद्ध्याचे 343, आरंभीची एक व दोन विश्रांतींनंतरच्या दोन अशा तीन जादा पाळ्यांचे 43, एकूण 386. मांत्रिकाचे अग्निगोलांचे 210 आणि उरलेल्या बावीस फेऱ्यांत फुकट मिळणाऱ्या अग्निबाणाचे सुमारे 157, एकूण 367. मधल्या लहान मंत्रांचा हिशेब मी धरलेला नाही, कारण ते बहुधा स्वतःचा जीव वाचवण्यात जातात. म्हणजे ताळेबंद जवळजवळ जुळतो. मात्र दिवस पुरा भरला तर.

प्रत्यक्षात तो भरत नाही. ओसरीवर तीन तासांची बैठक, त्यात चहा, थट्टा आणि मोबाईल. एक मोठी लढाई झाली की मांत्रिक म्हणतो, आता आठ तास झोपू, आणि बाकीचेही माना डोलावतात. ज्याचा खर्च दिवसावर बांधला आहे त्याला दिवस फुकट मिळू लागला की त्याची उधळपट्टी सुरू होणारच. यावर उपाय मुलांनीच एकदा काढलेला मी पाहिला. कथानक असे होते की, तोरणमाळच्या घाटात दरोडेखोरांनी काही यात्रेकरू अडकवले आहेत आणि पहाटे त्यांना दरीपलीकडे नेणार आहेत. रात्र एकच होती. झोपायचे म्हणजे यात्रेकरू गमावायचे. पहिल्या पहाऱ्यावर मांत्रिकाने सवयीप्रमाणे अग्निगोल टाकला आणि सगळे खूश झाले. दुसऱ्या चौकीवर त्याचा हात आखडला. तिसऱ्या ठिकाणी, पाऊलवाटेच्या चिंचोळ्या वळणावर, योद्धा एकटा पाच फेऱ्या अडून राहिला आणि मांत्रिक मागून लहानसहान बाण मारीत उरलेला गोल जपत होता. “काका, तो बॉम्ब शेवटपर्यंत टाकलाच नाही त्याने, बघा की!” असे योद्धा खेळणाऱ्या मुलाने मला मोठ्या समाधानाने सांगितले. कुणाच्याही अंकाला हात न लावता, केवळ वेळ महाग करून, त्या रात्री दोघे बरोबरीस आले होते.

इतर खेळांनी इतर वाटा धुंडाळल्या, त्यांपैकी दोनतीनच सांगतो. केन सेंट आंद्रे याच्या 1975 सालच्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’मध्ये मंत्र म्हटला की अंगातले बळ खर्च होते, म्हणजे मांत्रिक लढवय्यासारखाच घामाघूम होतो. 1978 च्या ‘रूनक्वेस्ट’ने प्रश्नच मोडीत काढला: तेथे शिपायापासून शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाला थोडी जादू येते. ‘कॉल ऑफ कथुलू’ या 1981 च्या भयकथांच्या खेळात मंत्राची किंमत मनःस्वास्थ्याने मोजावी लागते. मला सर्वांत धीट वाटतो तो 1987 चा ‘आर्स मॅजिका’. जोनथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन या रचनाकारांनी तेथे साफ कबूल केले की मांत्रिक इतरांहून श्रेष्ठच आहेत. मात्र प्रत्येक खेळाडूने एक मांत्रिक, एक साथीदार अशी पात्रे ठेवावी, शिपाईप्यादे सर्वांच्या सामाईक मालकीचे असावे, आणि प्रत्येक कथेत कोणी कोणते पात्र चालवायचे ते आळीपाळीने ठरवावे. 1971 च्या तोफेची सामाईक मालकी येथे एका फेऱ्याने परत आली.

माझे स्वतःचे मत असे की, योद्ध्याच्या इजेचे अंक वाढवीत बसण्यात अर्थ नाही. लढाईच्या बाहेर त्याला सनद हवी. मांत्रिक नवव्या पातळीस आपल्या मंडळींना क्षणात दूरच्या नगरात नेऊन उभा करतो. त्या वेळी योद्ध्याजवळ काय असते? 1978 च्या नियमपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर होते. नवव्या पातळीचा योद्धा मुलूख साफ करून गढी बांधू शके; मग त्याच्या चाकरीस शिबंदी येई, आणि मुलखातील दरडोई महिना सात रौप्यमुद्रा महसूल त्याच्या तिजोरीत जमा होई. पुढच्या आवृत्त्यांनी हे कलम अडगळीत टाकले, कारण फौजफाटा सांभाळणे खेळाडूंना किचकट वाटे. पण खरा योद्धा बलाढ्य होतो तो मनगटाने नव्हे, माणसांनी व जागांनी होतो, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. शिवकाळी एकेका किल्ल्यावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. दरवाजाच्या किल्ल्या एकाकडे, हजेरीचे व जमाखर्चाचे दप्तर दुसऱ्याकडे, दाणागोटा व दारूगोळा तिसऱ्याकडे, आणि त्यामुळे कोणा एकाच्या फितुरीने किल्ला जात नसे. मांत्रिक एका मंत्राने अशा किल्ल्याच्या सदरेवर प्रकट होऊ शकेल. चार पावसाळे तो नांदता ठेवू शकणार नाही. योद्ध्याच्या कागदावर जर लिहिलेले असेल की अमुक तीन घाटांत त्याच्या चौक्या आहेत, तेथून निघालेला जासूद फासा न टाकता दोन दिवसांत बातमी आणील, आणि त्याच्या शब्दावर दोनशे पाईक जमतील, तर भिंतीवर उडणाऱ्या मांत्रिकालाही त्याच्या दारी मसलतीस यावे लागेल.

2024 च्या सुधारित आवृत्तीत तलवार, परशू, भाला अशा प्रत्येक शस्त्राला एकेक ठरीव गुण चिकटवला आहे: कोणाच्या फटक्याने शत्रू मागे रेटला जातो, कोणाच्याने आडवा पडतो, ही लहान का होईना, पण सनदच. त्याच आवृत्तीत गढीही परत आली आहे. मात्र ती पाचव्या पातळीस सर्वच पात्रांना मिळते, त्यामुळे मांत्रिक आता आपल्या ग्रंथशाळेसह स्वतःच्या तटबंदीच्या आत राहतो, आणि योद्ध्याची दरखास्त बांधकामाच्या बाबतीतही अद्याप निकालात निघालेली नाही.